वरची कॉट

कळंबहून निघाल्यापासून गाडीत कुणी फारसं बोललं नव्हतं. एरवी दुधाची कॅन वाहणारी पिकअप विजयसिंहानं आदल्या दिवशी पाणी मारून धुतली होती. मागच्या हौद्यात गादीची गुंडाळी, पत्र्याची पेटी, निळी बादली आणि फराळाचे दोन डबे होते. पुढं तिघं दाटीवाटीनं बसले होते. विजयसिंह चालवत होता, मध्ये त्याची मुलगी राजेश्वरी आणि खिडकीशी बायको मुक्ता. राजेश्वरीला बारामतीत बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला होता आणि आज होस्टेलच्या खोल्या मिळणार होत्या.

जंक्शन गाव मागं पडल्यावर मुक्तानं विचारलं, "गोळ्या कुठं ठेवल्यात?"

"पर्समधी."

"पर्समधी नगं. पेटीत ठेव, कपड्याच्या खाली. आन् कुणी इचारलं तर?"

"व्हिटॅमिनच्या म्हणून सांगायचं," राजेश्वरी पाठ केल्यासारखं म्हणाली.

गोळ्या फिटच्या होत्या. राजेश्वरीला पहिली फिट नववीत आली, शाळेत, प्रार्थनेच्या वेळी. डोळे उघडले तेव्हा ती ओल्या फरशीवर पडली होती, नाकाशी कुणाची तरी चप्पल होती आणि मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबलेला होता. भोवती सगळी शाळा गोल करून उभी होती. पडल्याचं तिला एवढं लागलं नाही. लागलं ते दुसऱ्या दिवशी. तिच्या बाकावर बसणाऱ्या दोघी मागच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या, आणि दहावी संपेपर्यंत त्या बाकावर ती एकटीच बसली. पुढं बारामतीच्या मेंदूच्या डॉक्टरांकडं औषध सुरू झालं, गुण आला. अकरावीत काहीच झालं नाही, बारावीत एकदाच फिट आली, तीही घरी. कॉलेजात कुणाला काही सांगायचं नाही, असं मायलेकींचं ठरलं होतं. मुक्ताला पोरीच्या लग्नाची काळजी होती, राजेश्वरीला त्या बाकाची. विजयसिंहाला हे लपवणं पटत नव्हतं, पण दोघींपुढं त्याचं काही चालत नव्हतं.

होस्टेलच्या खालच्या हॉलमध्ये पालकांची गर्दी झाली होती. पुढं टेबलावर मेसमधलं एक मोठं स्टीलचं पातेलं आणि त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. टेबलामागं रेक्टर उभ्या होत्या, वहिदा मुलाणी मॅडम. पन्नाशीच्या, कॉटनची साडी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या.

"पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलींनी ऐका," त्या म्हणाल्या. "एका खोलीत तिघी. एक दुमजली कॉट, म्हणजे एक वर आणि एक खाली, आणि एक सुटी कॉट. चिठ्ठीवर खोली नंबर आहे आणि कॉट पण लिहिली आहे. स्वतःच्या हातानं चिठ्ठी उचला. जे आलं ते आलं. अदलाबदल नाही. मागच्या वर्षी एका गावच्या सगळ्या एका खोलीत, मैत्रिणी-मैत्रिणी एका खोलीत असं करून दिलं, आणि दिवाळीपर्यंत मी फक्त भांडणं सोडवत होते."

चार-पाच जणींनी चिठ्ठ्या उचलल्यावर पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ पुढं झाले. त्यांना सगळे दादासाहेब म्हणत होते. त्यांनी मोबाईल मॅडमपुढं धरला. "मॅडम, जरा बोलून घ्या. संचालक साहेब हायत लाईनीवर. आमच्या पोरीला तळमजल्याची खोली पायजे."

"साहेबांना माझा नमस्कार सांगा," मॅडम फोनला हात न लावता म्हणाल्या. "आणि मुलीला चिठ्ठी उचलायला सांगा."

हॉलमध्ये हशा पिकला. दादासाहेबांचा चेहरा पडला. त्यांची मुलगी मान खाली घालून उभी होती. तिनं चिठ्ठी उचलली नाही. "आमी जरा थांबतो," म्हणत दादासाहेब तिला घेऊन बाजूच्या बाकावर जाऊन बसले.

राजेश्वरीचं नाव आलं. तिनं पातेल्यात हात घातला, तळातली एक चिठ्ठी काढून उघडली. दुसरा मजला. वरची कॉट.

मागं वळून तिनं आईला चिठ्ठी दाखवली. मुक्तानं वाचली आणि विजयसिंहाकडं दिली. तिघांच्याही मनात एकच आलं. फिट आली की राजेश्वरीचं अंग वाकडंतिकडं झटके देतं, आणि ती बहुतेक वेळा झोपेतच यायची.

विजयसिंह धीर करून टेबलाशी गेला. "मॅडम, पोरीला खालची कॉट मिळंल का?"

"कारण?"

त्यानं मुक्ताकडं पाहिलं. मुक्ता पटकन म्हणाली, "तिला उंचीचं भ्या वाटतं."

"दोन दिवसांत जाईल ती भीती," मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "कठडा आहे कॉटला. आत्ताच एकाला नाही म्हटलंय मी, तुम्हाला हो कसं म्हणू?"

त्यांचंही बरोबर होतं. तिघं सामान घेऊन जिना चढले.

खोलीत दोघी आधीच पोचल्या होत्या. एक ताडमाड उंच होती, सुट्या कॉटवर आडवी पडून पाय बाहेर किती येतात ते बघत होती. "मी छकुली. मोरगावची," ती उठून म्हणाली. मुक्ताचा चेहरा बघून तिनंच पुढं सांगितलं, "खरंच छकुली. दाखल्यावर पण तेच हाय. जन्मले तवा बारकी हुते. आता कबड्डी खेळते."

दुसरी इंदापूरची सुहाना. तिचे वडील नईमभाई तिला सोडून मघाशीच दुकान उघडायला परत गेले होते. दुमजली कॉटच्या खालच्या भागावर तिनं फुलाफुलांची चादर अंथरली होती, उशाशी पुस्तकं लावली होती.

मुक्ता तिच्याजवळ बसली. "बाळा, माझ्या पोरीला खालची देतीस का? तू वर झोपशील का?"

सुहाना अवघडली. "काकू, वर लई गरम हुतं. स्लॅबच हाय डोक्यावर. आन् पंख्याचं वारं बी लागत न्हाय तितं. मला चिठ्ठीत खालची आलीय ना."

"तिला जरा चक्कर येती कधीमधी."

"मंग मॅडमना सांगा की. मॅडम देतील," सुहाना म्हणाली. तिच्या बोलण्यात कावा नव्हता, पण चादरीवरचा हातही तिनं उचलला नाही.

खाली गादी टाकावी म्हटलं तर दोन कॉटांच्या मध्ये एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच जागा. मुक्तानं सगळीकडं नजर फिरवली. मग पोरीला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि हळूच म्हणाली, "हे बघ, वर झोप. फकस्त झोपताना ओढणीनं कमरेला बांधून घे, आन् दुसरं टोक कठड्याच्या गजाला. घट्ट गाठ मार. पडायचं भ्या न्हाय मंग."

राजेश्वरीनं आईचा चेहरा न्याहाळला. आई हे रागानं म्हणत नव्हती, काळजीनं म्हणत होती, आणि तिला खरोखर हा उपाय वाटत होता. तीन वर्षं रोज रात्री दोघी झोपल्यात का बघायचं, मग चादरीखाली स्वतःला बांधायचं. आणि फिट आलीच तर बांधलेल्या अंगानं त्या गजांवर आपटत राहायचं.

"जनावरासारखं बांधून झोपू व्हय मी?" ती म्हणाली.

"हळू बोल, पोरी ऐकतील."

"ऐकू दे."

ती तरातरा जिना उतरली. मुक्ता हाका मारत मागं, विजयसिंह तिच्या मागं. हॉलमध्ये अजून चिठ्ठ्या चालल्याच होत्या. रांग सोडून राजेश्वरी सरळ टेबलापाशी गेली. रांगेतल्या मुली बघायला लागल्या. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मॅडम, मला फिट येते," राजेश्वरी म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "उंचीची भीती नाही मला. मला फिट येते, झोपेत. मी वरच्या कॉटवर झोपू शकत नाही."

हॉलमधली कुजबुज थांबली. मुक्तानं पदर तोंडाशी धरला आणि ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. विजयसिंह मात्र पुढं आला आणि मुलीच्या शेजारी उभा राहिला.

मॅडम दचकल्या नाहीत. त्यांनी हातातली चिठ्ठ्यांची थप्पी खाली ठेवली. "शेवटची कधी आली होती?"

"बारावीत. एकदाच."

"औषध?"

"चालू आहे. सकाळी आणि रात्री."

"बरं. चल, माझ्या खोलीत बसून बोलू. तुम्ही पण या." मग हॉलकडं वळून त्या म्हणाल्या, "चिठ्ठ्या थोडा वेळ थांबतील. मेसमध्ये चहा झालाय, घेऊन या सगळ्यांनी."

आतल्या खोलीत राजेश्वरी खुर्चीवर बसली. मॅडमनी तिला पाणी दिलं. "हे चिठ्ठी उचलण्याआधी सांगायला हवं होतं गं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि मी चिठ्ठीआधी विचारायला हवं होतं. सगळ्यांना एकच नियम लावला की न्याय झाला, असं वाटलं मला. तशी माझ्या शेजारची खोली आहे. सिक रूम. नावालाच, नुसते मोडके पंखे भरलेत तिच्यात. साफ करून देते. तळमजला, सुटी कॉट. एकटी राहशील, कुणाचा त्रास नाही."

विजयसिंहानं सुटकेचा श्वास सोडला. मुक्तानंही पहिल्यांदाच मान वर केली. एकटीची खोली! मागूनही मिळाली नसती.

राजेश्वरीच्या डोळ्यांपुढं मात्र शाळेतला तो बाक आला. "एकटी नको, मॅडम," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, झोपताना कुणीतरी जवळ पाहिजे. आणि..." पुढचं तिला धड सांगता येईना. "मला एकटीला नाही राहायचं."

मॅडम म्हणाल्या, "मग तुझ्याबरोबर राहणाऱ्यांना हे माहीत असायला हवं. त्यांनी हो म्हणायला हवं. मी चिठ्ठी टाकून कुणाला यात ढकलणार नाही. त्या दोघींना बोलावू?"

"बोलवा. मी सांगते त्यांना."

"आन् त्या न्हाय म्हणल्या तर?" मुक्ता घाबरून म्हणाली. "दोन दिसांत सगळ्या कॉलेजात हुईल, मॅडम."

"ते तर मघाशीच झालंय, आई," राजेश्वरी म्हणाली.

छकुली आणि सुहाना आल्या. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, हे चेहऱ्यांवरूनच कळत होतं. राजेश्वरीनं डॉक्टरांनी समजावलेलं जसंच्या तसं सांगितलं. अंग ताठ होतं, मग झटके येतात, एक-दोन मिनिटांत थांबतं. धरून ठेवायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. चप्पल नाही, कांदा नाही. आजूबाजूचं लागण्यासारखं बाजूला सारायचं, झटके थांबले की कुशीवर वळवायचं, आणि शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना.

"आन् मंग?" छकुलीनं विचारलं.

"मग मी झोपते थोडा वेळ. डोकं दुखतं. बाकी काही नाही."

"एवढंच? आमच्यात कबड्डीत कुणाचा खांदा निखळला की ह्याच्यापेक्षा जास्त करायला लागतं," छकुली म्हणाली. "मी येते. मॅडम, तितल्या कॉटा लांब हायत का जरा?"

मॅडमना हसू आलं. सगळ्यांनी सुहानाकडं पाहिलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"मी अब्बांना फोन करून येते," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

दारातून तिचा आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. राजेश्वरी जमिनीकडं बघत बसली. ती जाणार, तिला वाटलं. जाऊ दे. निदान एक तरी आहे. वडिलांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

सुहाना परत आली. तिचे डोळे ओलसर होते. "अब्बा म्हणले, मला काय इचारतीस, तुझं तुला कळत न्हाय व्हय." ती राजेश्वरीकडं वळली. "मघाशी काकूंनी नुसतं चक्कर म्हणल्यावर मला वाटलं, खालची कॉट पायजे म्हणून सांगतायत. मला हे म्हाईत असतं तर मी दिली असती. खरंच दिली असती."

"मला माहीत आहे," राजेश्वरी म्हणाली. तिला खरं तर माहीत नव्हतं, पण आता पटलं होतं.

"आन् मॅडम, तुमच्या शेजारी म्हणजे रात्री फोनवर बोलायचं बंद का?" सुहानानं विचारलं.

"दहानंतर बंद," मॅडम म्हणाल्या.

"मंग छकुली घोरत नसली म्हणजे झालं."

मॅडमनी सिक रूमचं दार उघडलं. पंख्यांची पाती, तुटक्या खुर्च्या, जुने फलक, सगळ्यावर धुळीचा थर. विजयसिंहानं बाह्या सारल्या आणि छकुलीच्या मदतीनं पंखे मागच्या शेडमध्ये नेऊन टाकले. मुक्तानं कुठून तरी खराटा पैदा केला. ती कोपरा न् कोपरा झाडत सुटली. सुहानानं निळ्या बादलीनं पाणी आणून फरशी धुतली. तीन सुट्या कॉटा बसल्या. खिडकी उघडली तर समोर मेसचा नळ आणि त्यामागं कडुनिंब.

तिकडं हॉलमध्ये मॅडमनी उरलेल्या चिठ्ठ्या पातेल्यात झाकून ठेवल्या होत्या. "ज्यांना खरी अडचण आहे, त्यांनी आधी माझ्या खोलीत या," त्या म्हणाल्या. "दार लावून बोलू. सांगितलेलं बाहेर जाणार नाही. ज्यांनी चिठ्ठी उचललीय, त्यांनीही या." आधी कुणी हललं नाही. मग दम्याची एक मुलगी उठली. तिच्यामागून एका पायानं अधू असलेली एक. हळूहळू दाराशी रांग लागली आणि रांगेत दादासाहेबही मुलीचा हात धरून उभे राहिले. आत गेल्यावर त्यांनी काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही. पण बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फोन नव्हता, मुलीला तळमजल्याची खोली मिळाली होती, आणि ती मुलगी आल्यापासून पहिल्यांदाच हसत होती.

निघताना मुक्ता पिकअपशी थांबली. "माझ्यावर रागावलीस?"

"नाही गं."

"मला वाटलं, तुला कुणी जवळ करणार न्हाय. नववीत तू रोज शाळंतून येऊन जेवायची न्हाईस, ते मी बघितलं हुतं." तिनं पोरीच्या कपाळावरचे केस मागं सारले. "जा आत. फराळाचा डबा त्या लांब पोरीच्या हाती देऊ नगंस, आजच संपंल."

पावसाळा सरला, परीक्षा जवळ आली. नोव्हेंबरात एका रविवारी सकाळी राजेश्वरी रात्री उशिरापर्यंत वाचून झोपलेली असताना तिला फिट आली. तिनं डोळे उघडले तेव्हा ती कुशीवर होती, डोक्याखाली सुहानाची उशी होती. खोलीचं दार लावलेलं होतं. आत फक्त त्या दोघी होत्या आणि मॅडम दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"दोन मिनिटं बी न्हाय झाली," सुहाना म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी आवाज शांत होता. "मी घड्याळात बघत हुते. छकुलीला रडू आलं."

"मला न्हाय आलं," छकुली नाक ओढत म्हणाली.

राजेश्वरी पुन्हा झोपी गेली. उठली तेव्हा ऊन चढलं होतं, आणि छकुली तिच्याच कॉटच्या पायथ्याशी बसून नेहमीसारखी गणितं चुकवत होती.

कळंबला फोन गेल्यावर मुक्ता मिळेल त्या एसटीनं बारामतीला आली. वाटभर तिच्या मनात तेच चाललं होतं. आता प्रत्यक्ष बघितल्यावर पोरींचा धीर सुटला असंल, सामान हलवलं असंल, माझी पोर त्या खोलीत एकटी बसली असंल. मध्येच भवानीनगरला बस बराच वेळ थांबली तेव्हा तिला खाली उतरून चालत जावंसं वाटलं.

खोलीच्या दाराशी आली तर आतून भांडण ऐकू आलं. वाळत घालायची दोरी छकुलीनं सगळी अडवली होती, सुहाना तिचे कपडे एकेक करून राजेश्वरीच्या अंगावर फेकत होती आणि राजेश्वरी "मी आजारी आहे, मला त्रास देऊ नका" म्हणून ओरडत हसत होती.

"काकू, तुमीच सांगा हिला," सुहाना म्हणाली.

मुक्तानं पोरीजवळ जाऊन तिचे हात, कोपरं, डोकं चाचपून बघितलं. कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं. मग "बसते जरा" म्हणून ती छकुलीच्या कॉटवर टेकली. बोलता बोलता तिनं पाठ टेकवली, आणि दोन वाक्यं पुरी व्हायच्या आत तिला झोप लागली. भर दुपारी, पोरींच्या गोंगाटात, तोंड उघडं टाकून.

"उठवू का? मेसची वेळ झाली," छकुली कुजबुजली.

"राहू दे," राजेश्वरी म्हणाली. "आपण तिचं ताट इथंच आणू."

तिघी पाय न वाजवता बाहेर पडल्या आणि सुहानानं मागं दार अलगद ओढून घेतलं.